वाघाला भ्यायलो, डासाला नाही : शिकारी, जागले आणि हिवतापाचा हिशेब

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की आपल्या रिठदच्या शिवारात रात्रीचे दिवे वाढतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो, रोह्यांचं तर विचारूच नका. त्यामुळे घरटी एक माणूस जागलीला. हातात बॅटरी, जवळ डबडं वाजवायला, अंगावर घोंगडी. घरची बाई निघताना एकच सांगते, "डुकराच्या आडवं जाऊ नका." डासाचं नाव कोणी घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की घेतलं पाहिजे. हे मी भीती घालायला लिहीत नाही. रानात रात्र काढणाऱ्या माणसाला खरा धोका कशाचा, हा प्रश्न आपल्या देशात दीडशे वर्षं विचारला गेलाय, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा वाघ-डुक्कर असं आलेलं नाही.

इंग्रज साहेबांपासून सुरू करू. मध्य हिंदुस्थानातल्या जंगलांत, म्हणजे सातपुडा, मेळघाट, पचमढी या पट्ट्यात, ते वाघाच्या शिकारीला यायचे ते मुख्यतः उन्हाळ्यात. फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंत. कारणं दोन. एक म्हणजे पाणवठे आटलेले आणि झाडोरा विरळ, त्यामुळे जनावर सापडायचं. दुसरं म्हणजे ताप. पावसाळा संपतानाचं जंगल जीवघेणं असतं हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. का ते मात्र ठाऊक नव्हतं. दलदलीतून विषारी वाफ निघते आणि ती रात्री अंगात शिरते, असं त्या काळचे डॉक्टरसुद्धा मानायचे. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा'. आपला 'हिवताप' त्यापेक्षा प्रामाणिक शब्द, जे होतं तेच सांगतो : आधी हिव, मग ताप.

कारण चुकीचं, पण उपाय अर्धा बरोबर! वाईट हवा टाळायची म्हणून ते दलदलीपासून लांब तंबू ठोकायचे, रात्री बाहेर पडायचे नाहीत, मच्छरदाणीत झोपायचे, क्विनाइन घ्यायचे. हवा टाळता टाळता डासही टळायचा. ज्यांना टाळता आलं नाही, त्यांची गत काय झाली? पहिल्या व्हाइसरॉयची बायको लेडी कॅनिंग 1861 साली दार्जिलिंगहून परतताना तराईच्या जंगलातून आली, ताप घेऊन आली, आणि त्याच नोव्हेंबरात कलकत्त्यात वारली. देशाच्या सगळ्यात मोठ्या साहेबाचं घर, सगळे डॉक्टर हाताशी, तरीही.

कोडं सुटलं 1897 मध्ये. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर त्या वर्षी निलगिरीतल्या सिगूर घाटात, तापासाठी बदनाम असलेल्या भागात, शोधासाठी गेला आणि स्वतःच ताप घेऊन परतला. पुढे सिकंदराबादला त्यानं हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावू दिले. डासामागे एक आणा त्याला दिला. ते डास चिरून बघता बघता 20 ऑगस्ट 1897 ला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरात त्याला हिवतापाचे जंतू दिसले. 1902 मध्ये रॉसला नोबेल मिळालं. हुसेन खानाच्या वाट्याला आणेच आले. तो दिवस आजही 'जागतिक डास दिन' म्हणून पाळतात.

आता एका खऱ्या शिकाऱ्याची गोष्ट. जिम कॉर्बेट. चंपावतची वाघीण त्यानं 1907 मध्ये मारली, तिच्या नावावर 436 माणसं होती असं सांगतात. नरभक्षकांच्या मागे हा माणूस एकटा, पायी, रात्र-रात्र जंगलात बसला. वाघ-बिबट्यांना तो पुरून उरला. दुसऱ्या महायुद्धात, सत्तरीला टेकलेला असताना, ब्रह्मदेशात जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसं वावरायचं हे शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. ठिकाण आपल्या नागपूरच्या वर, छिंदवाडा. माग कसा काढायचा, पानावरून वारा कसा ओळखायचा, आवाज न करता कसं सरकायचं, हे त्याच्याइतकं कोणाला येत होतं? आणि त्यालाच जबर हिवतापानं गाठलं. ते काम सोडून घरी परतावं लागलं.

ज्या आघाडीसाठी तो शिकवत होता, तिथं तर डासानं सैन्यच खाल्लं होतं. जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय, की 1943 मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे 120 जण आजारी म्हणून पाठवावे लागत होते. त्यात मोठा वाटा हिवतापाचा. रोज मेपाक्रीनची गोळी घ्यायचा हुकूम होता, पण सैनिक चुकवायचे. अंग पिवळं पडतं म्हणून, आणि पुरुषपण जातं अशी अफवा होती म्हणून. (अफवांचं तेव्हाही आजच्यासारखंच!) स्लिमनी अचानक तपासण्या लावल्या. ज्या पलटणीत गोळी घेणारे ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी निघाले, तिथल्या अधिकाऱ्याला घरी बसवलं. असे तीन अधिकारी गेल्यावर बाकीचे आपोआप सुधारले. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की शिक्षा सैनिकाला झाली नाही, त्याच्या साहेबाला झाली. माणसाला डासात पाठवणारा जो, जबाबदारी त्याची.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. 1947 च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. म्हणजे कॉर्बेटच्या वाघिणीनं सगळ्या आयुष्यात मारली, त्याच्या पाचपट माणसं रोज. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीवाले गावोगावी आले, भिंती फवारल्या, दारावर तारखा टाकल्या. मग मलेरियावाला घरोघर फिरायचा, ताप विचारायचा, बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचा, गोळ्या द्यायचा. 1965 पर्यंत रुग्ण एक लाखावर आले.

आणि इथंच आपण सैल सोडलं. डास डीडीटीला सरावले. फवारलेली भिंत बायांनी सणाला सारवून घेतली, त्याखाली औषध गाडलं गेलं. पैसा आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे गेलं. 1976 मध्ये रुग्ण पुन्हा 64 लाखांवर. हिवताप संपला असं मानलं की तो परत येतो, हे या देशानं एकदा मोजून पाहिलंय.

आता आपल्या शिवारात या. आपल्याकडे हिवताप पसरवणारा मुख्य डास अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसीस. तो गटाराच्या घाणीत नाही, तर कालवा, नाल्यातले डोह, साचलेलं स्वच्छ पाणी यात वाढतो. दिवसा गोठ्यात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो, रात्री चावतो. गुरांचं रक्त त्याला जास्त आवडतं, पण माणूस शेजारी असला तर सोडत नाही. शेतातला गोठा, बाजूला नाला, तिथंच जागल्याची बाज. वेळ रात्रीची, महिने पावसाळा सरतानाचे. म्हणजे ज्या महिन्यांत साहेब जंगलाकडे फिरकत नव्हता, बरोब्बर त्याच महिन्यांत आपला माणूस उघड्यावर रात्र काढतो. शिकाऱ्याला निवड होती. आपल्या माणसाला नाही, कारण पीक उन्हाळ्यात पिकत नाही.

गंमत बघा, 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, पण हौशी लोकांची चाल तीच राहिली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून प्राणी बघायचा कार्यक्रम असतो. भर उन्हाळ्यात, पाणवठे आटलेले, डास कमी. चांगला कार्यक्रम आहे, तरुणांनी जरूर जावं. पण मचाणावर हौसेनं एक रात्र बसणारा आणि मजबुरीनं साठ रात्री बसणारा, यांचा धोका एक नाही.

कोणी म्हणेल, आता कुठं तेवढा हिवताप राहिलाय? खरंय. राज्यात त्याचा मोठा भार गडचिरोलीवर आहे, आपल्याकडे पूर्वीसारखा जोर नाही. म्हणून घाबरून जागल सोडा असं मी म्हणणार नाही. पीक गेल्याचं नुकसान नक्की आहे, ताप येईलच असं नाही. हिशेब असाच करायचा असतो. पण कमी धोका आणि शून्य धोका यात फरक आहे, आणि तो फरक स्वस्तात भरून काढता येतो. बाजेला चार काठ्या बांधून मच्छरदाणी. अंगभर कपडे. बाज गोठ्यापासून आणि पाण्यापासून जमेल तेवढी दूर. कडुलिंबाच्या धुरानं थोडा फरक पडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं : थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढायचा नाही, रक्त तपासायचं. डास चावल्यावर ताप यायला दहा-पंधरा दिवस लागतात, त्यामुळे लोकांना जागलीची आठवणच राहत नाही. डॉक्टरला आपण होऊन सांगा, "रात्री शेतात झोपत होतो."

आणि घरी झोपलेला सुटला असंही नाही. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास दिवसा चावतो आणि आपल्याच घरच्या टाकीत, रांजणात, टायरात वाढतो. चिकुनगुनियानं 1973 मध्ये बार्शी गाजवली होती, मग तीस वर्षं गप्प राहून 2006 मध्ये देशात तेरा लाखांवर लोकांना त्यानं वाकवलं. रात्री रान, दिवसा रांजण, दोन्हीकडे लक्ष पाहिजे.

शेवटची गोष्ट सरकारदरबारची. रानडुकरानं माणसाला मारलं तर वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाई मिळते. मिळालीच पाहिजे. पण त्याच डुकरासाठी जागून ताप घेतला, पंधरा दिवस अंथरुण धरलं, ऐन सोंगणीत मजुरी बुडाली, तर त्याची नोंद कुठंच होत नाही. देशानं 2030 पर्यंत हिवताप संपवायचं ठरवलंय. मग येत्या ग्रामसभेत आपण तीन गोष्टी मागू. जागलीला जाणाऱ्यांची यादी करा. त्यांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्या. आणि सप्टेंबर ते डिसेंबर आशाताईकडे रक्त तपासायच्या किट कमी पडू देऊ नका. स्लिमचा नियम इथंही लागू आहे : माणूस रात्री रानात का बसतो, याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच त्याच्या तापाचाही जबाब द्यायचा.