'थांबा' म्हणण्याचा इतिहास

कंपनीच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये रक्त, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी असं सगळं असतं. बायकांसाठी त्यात बऱ्याचदा आणखी एक ओळ असते: पॅप स्मीअर. रक्त द्यायला रांग लागते, पण ही ओळ मात्र 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत कोरी राहते. कारण सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. 'आतून तपासायचंय' एवढं ऐकूनच पोटात गोळा येतो. (पुरुष मंडळींनी हसू नये. प्रोस्टेटच्या तपासणीचं नाव काढलं की तुम्हालाही नेमकी तेव्हाच मीटिंग आठवते.)

यावर ठरलेला उपदेश म्हणजे, "त्यात लाजायचं काय, डॉक्टरांना रोजचंच आहे." डॉक्टरांना असेल हो, आपल्याला नाही ना! आणि इतिहास चाळला तर ही भीती वेडगळ अजिबात वाटत नाही. ती कुठून आली आणि कशाने कमी होते, दोन्हीची उत्तरं तिथेच मिळतात.

सुरुवात त्या हत्यारापासूनच करू. स्पेक्युलम जुनाच, अगदी पाँपेईच्या उत्खननातही सापडलाय. पण आज 'सिम्स स्पेक्युलम' म्हणून जो ओळखला जातो तो 1845 च्या सुमाराचा. अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी गावी डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी चमच्याचा दांडा वाकवून तो पहिल्यांदा बनवला. ज्यांच्यावर त्यांनी प्रयोग केले त्या गुलाम स्त्रिया होत्या. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही तीन नावं आपल्याला कळतात, तीही सिम्स यांनी लिहून ठेवली म्हणून. बाळंतपणात इजा होऊन लघवी सतत गळत राहण्याचा आजार या बायकांना होता. एकट्या अनार्कावर सुमारे 30 शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. परवानगी मालकाची घेतली जायची. आजारावर उपाय सापडला आणि पुढे असंख्य बायकांना त्याचा फायदा झाला, हेही खरंच. पण 'थांबा' म्हणायची सोय त्या तिघींना नव्हती. सिम्स यांचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला पुतळा 2018 मध्ये हलवण्यात आला.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर आता मुंबईत या. 1868 साली इंग्रज सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा हिंदुस्थानात आणला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत ही मुख्य काळजी. वेश्या म्हणून नोंद झालेल्या बाईने ठरावीक मुदतीने आतली तपासणी करून घ्यायची, नाहीतर शिक्षा. मुंबईतही हा कायदा लागू झाला होता. तिकडे इंग्लंडमध्ये अशाच कायद्याविरुद्ध जोसेफिन बटलर यांनी चळवळ उभारली. सक्तीची तपासणी म्हणजे स्त्रीवरचा अत्याचारच, असं त्यांचं म्हणणं होतं. इंग्लंडमधला कायदा 1886 मध्ये रद्द झाला, इथला 1888 मध्ये.

गंमत म्हणजे याच दशकात दुसरी गोष्टही सुरू झाली होती. 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाई जोशींनी सेरामपूरला भाषण केलं. त्यांचा मुद्दा सरळ होता: पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका तयार होत नाहीत, तेव्हा बाईच डॉक्टर हवी. त्यांनी बायकांना 'लाजू नका' असं सांगितलं नाही, व्यवस्था बदलायला सांगितली. त्याच वर्षी डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या आणि 1886 मध्ये बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी तर 1887 मध्ये, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा कोर्टाचा हुकूम आल्यावर तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती. स्वतःच्या शरीराबद्दल 'नाही' म्हणण्याची किंमत या बाईला नक्कीच ठाऊक होती.

आता पॅपबद्दल. पॅप म्हणजे जॉर्ज पापानिकोलाऊ. 1943 मध्ये त्यांचं या तपासणीवरचं पुस्तक आलं. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांना नमुने देत होती त्यांची बायको, अँड्रोमाकी. चाचणीला नाव मात्र नवऱ्याचं. असो.

आणि शेवटचा मुक्काम बार्शी. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून एक मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात होत्या. ज्या गावांत एचपीव्हीची एकच चाचणी दिली गेली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांना तपासणी दिली नाही, यावर नंतर टीकाही झाली. पण बोलावलेल्या दर दहांपैकी सुमारे आठ जणी आल्या, तेही खेड्यातून. आरोग्यसेविका आधी घरोघर जाऊन समजावून सांगत होत्या.

थोडक्यात काय, लाज सगळीकडे सारखीच असते. फरक पडतो तो कुणी विचारलं का, सांगितलं का, आणि नको म्हणता येतं का, यानेच.

म्हणून 'अंग सैल सोडा' हे टेबलावर ऐकण्याआधी आपण काय करू शकतो ते बघा. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागावं. पहिलीच वेळ आहे, भीती वाटतेय, हे कपडे बदलायच्या आधीच सांगून टाकावं. हत्यार आधी दाखवा म्हणावं, लहान आकाराचं आहे का विचारावं. सोबत मैत्रीण किंवा तिथल्या मावशी थांबू शकतात. सैल कुर्ता घातला तर वरचे कपडे काढावे लागत नाहीत. आधी लघवीला जाऊन यावं, तपासताना श्वास हळूहळू सोडत राहावा. आणि मुख्य म्हणजे, "मी थांबा म्हटलं की थांबायचं," हे आधीच ठरवून घ्यावं. ज्यांना हेही अवघड वाटतं त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणीचा नमुना स्वतःच घ्यायचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचवलाय. तो कुठे मिळतो ते विचारून बघा. (त्यात काही निघालं तर मात्र डॉक्टरकडे जावंच लागेल.)

यातलं काहीही मागितल्यावर डॉक्टर वैतागले, तर डॉक्टर बदला. तपासणी टाळू नका.