झाडीपट्टी रंगभूमीवरील ऑर्गन : स्वरसंघात आणि संगतीचा संकेत

प्रस्तावना :
धानाची कापणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखांदूर परिसरात मंडईचे दिवस सुरू होतात आणि गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या या झाडीपट्टी रंगभूमीने दंडार, खडीगंमत यांबरोबरच संगीत नाटकाचा वारसाही जपला. त्यातील ऑर्गन हे युरोपीय वाद्य अनेक स्वर एकाच वेळी उमटवू शकते. तरीही ते येथे प्रामुख्याने गायकाच्या चालीमागून का चालले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिस येथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत रंगभूमीचे नवे पर्व सुरू झाले. पुढे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी गोविंदराव टेंबे हे स्वतः नामवंत पेटीवादक होते.

पाश्चात्त्य पद्धतीत साध्या चालीला सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे हे तीन मूलभूत स्वरसंघात, म्हणजेच कॉर्ड, पुरतात. रागाधारित पदाला मात्र ते पेलत नाहीत. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य असल्याने तिघांपैकी केवळ पहिलाच संभवतो. मालकंसात पंचमच नसल्याने तोही उरत नाही. शास्त्राचे हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही, कारण सर्वच पदे रागाच्या काटेकोर चौकटीतील नसतात. दुसरे कारण सामाजिक आहे. साथीदाराने गायकाच्या पुढे जाऊ नये, त्याने श्वास घेतला की ती जागा भरावी आणि ‘वन्स मोअर’ येताच पद पुन्हा उचलावे, ही अपेक्षा गायक, वादक व प्रेक्षक या तिघांनाही ठाऊक असते. वाद्याची क्षमता नव्हे, तर हा अलिखित संकेत त्याचा उपयोग ठरवितो.

आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. वाद्य परके आहे, त्याचे स्वर अचल आहेत, असे आक्षेप होते. समविभागी स्वरमेळातील शुद्ध गांधार नैसर्गिक गांधाराहून सुमारे १४ सेंटने चढा असतो, हे खरेच. परंतु ज्या काळात नभोवाणी या वाद्याला परके मानीत होती, त्याच काळात रंगभूमीने त्याला आपल्या संकेतात सामावून घेतले होते.

निष्कर्ष :
अलीकडे ऑक्टोपॅड व इलेक्ट्रॉनिक की-बोर्डही या रंगभूमीवर आले आहेत. की-बोर्डवरील स्वयंचलित साथ एका बोटाने स्वरसंघात व ठेका पुरविते. मात्र ती गायकासाठी थांबत नाही, गायकालाच तिच्यामागे जावे लागते. म्हणून प्रश्न देशी-विदेशी वाद्याचा नसून, कोणी कोणासाठी थांबावे या संकेताचा आहे. झाडीपट्टीतील जुन्या ऑर्गनवादकांचे वादन ध्वनिमुद्रित करताना केवळ पदांच्या चाली नव्हे, तर हे थांबणेही नोंदविले गेले पाहिजे.