कोल्हापुरी चप्पल : जागतिक बाजारपेठेतील नाव आणि स्पर्धात्मक लाभ

प्रस्तावना :
राष्ट्रांच्या स्पर्धात्मक लाभाची मीमांसा करताना मायकेल पोर्टर यांनी 1990 मध्ये एका प्रदेशात एकवटलेल्या परस्परपूरक उद्योगांना विशेष महत्त्व दिले. कोल्हापुरी चप्पल व्यवसाय हे अशा एकवटलेल्या उद्योगाचे जुने उदाहरण होय. मात्र प्रदेशाने कमावलेला लाभ कारागिराच्या पदरी पडतोच असे नाही, हे या व्यवसायाच्या इतिहासावरून दिसून येते.

कौशल्याचा पाया :
बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीने केलेली शिलाई आणि हाताने घातलेली वेणी ही या चपलेची वैशिष्ट्ये होत. ढोर समाजाने कातडे कमवावे, चर्मकारांनी चप्पल बांधावी आणि घरातील स्त्रियांनी वेणी घालावी, अशी श्रमविभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अथणी, निपाणी येथे तयार होणारा मालही कोल्हापूरच्याच नावाने ओळखला गेला. नाव मोठे झाले, तसे त्या नावाने नकली मालही विकला जाऊ लागला.

नावाचे संरक्षण व त्याची मर्यादा :
2019 मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तसेच बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. परंतु मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते, घडणीचे नव्हे. आकृतिबंधाच्या नोंदणीसाठी तर नावीन्य आवश्यक असते. परंपरागत घडणीला ते सिद्ध करता येत नाही. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा ही उणीव उघड झाली. टीकेनंतर कंपनीने प्रेरणास्थान मान्य केले आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

निष्कर्ष :
मापांची अचूकता, दर्जाचे सातत्य आणि ग्राहकापर्यंतची थेट पोहोच ज्याच्या हाती, त्याच्याकडेच मूल्याचा मोठा वाटा जातो. अथणीतील महिला बचत गटांनी ‘टोहोल्ड’ या स्वतःच्या नाममुद्रेखाली निर्यात करून ही सूत्रे कारागिरांच्या हाती येऊ शकतात, हे दाखविले आहे. मानांकनाला अशा संघटित उत्पादनाची व विक्रीची जोड मिळाली, तरच कोल्हापूरच्या नावाचा लाभ कारागिरापर्यंत पोहोचेल.