छोटा कल्पा आणि भुरुंडी : भोकर कुलातील ओळख

छोटा कल्पा (ट्रायकोडेस्मा इंडिकम), त्याचा उंच भाईबंद ट्रायकोडेस्मा झेलॅनिकम आणि भुरुंडी (हेलियोट्रोपियम इंडिकम) या बोरॅजिनेसी म्हणजे भोकर कुलातील खरखरीत, केसाळ ओषधी. पावसाळ्यात व त्यानंतर बांधांवर आणि पडीक जमिनीत त्या फुलतात. भोपाळच्या तुलसी नगरसारख्या, सरकारी घरांभोवती मोकळी जमीन राहिलेल्या वस्तीत अशा तणांना जागा मिळते. २०२४ मध्ये तिथल्या व शिवाजी नगरातल्या पुनर्विकासाला विरोध झाला आणि योजना मागे पडली. चर्चेत होती ती सुमारे २९,००० झाडे. पायाखालच्या ओषधींची नोंद व्हायची तर आधी त्यांची ओळख पक्की हवी, आणि ती फुलाच्या रंगावरून होत नाही.

छोट्या कल्प्याचे फूल फिकट निळे उमलते आणि पुढे गुलाबी किंवा पांढुरके होते. एकाच रोपावर दोन्ही छटा दिसतात. ट्रायकोडेस्मा झेलॅनिकमचे फूलही निळसर, तेही खाली झुकलेले. खरा भेद पान आणि संवर्त (हिरव्या संदलांचा पेला) यांत आहे. छोट्या कल्प्याची पाने देठाशिवाय समोरासमोर येऊन खोडाला कवळतात आणि प्रत्येक संदलाच्या तळाशी कानासारखे टोक असते. झेलॅनिकमची पाने तळाशी निमुळती, वरची बहुधा एकाआड एक. संदलांना कान नाहीत. खालची पाने फसवी असतात हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच खोडाच्या मध्यावरची पाने पाहावीत आणि निर्णय संवर्तावर सोडावा.

भुरुंडीत किंजल अंडाशयाच्या टोकावर असतो, कल्प्यात तो चार खंडांच्या मधून, तळातून निघतो. हा फरक इतका मूलभूत आहे की काही अभ्यासक हेलियोट्रोपियमला वेगळ्या कुलात ठेवतात. ओळखीसाठी फळही पाहावे म्हटले की, फूल असताना फळ कुठून आणायचे, असे विचारले जाते. भुरुंडीचा सोंडेसारखा वळलेला फुलोरा तळापासून उमलत जातो, त्यामुळे शेंड्याला कळ्या असतानाच तळाशी दुभागलेली फळे तयार असतात.

सगळ्यांतच यकृताला घातक पायरोलिझिडिन अल्कलॉइडे आढळतात, मग इतका काटेकोरपणा कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण या अल्कलॉइडांचे प्रकार व प्रमाण जातीगणिक बदलतात, आणि औषधी बाजारात ‘गावजबान’ या एकाच नावाखाली छोट्या कल्प्यासह या कुलातील निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. नाव सारखे म्हणून गुण सारखे मानणे इथे रोग्याच्या जिवाशी खेळणे आहे. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानातील हेरात प्रांतात गव्हात हेलियोट्रोपियमच्या बिया मिसळल्याने यकृतविकाराची मोठी साथ आली. त्याच दशकात, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या सरगुजा जिल्ह्यात तसाच विकार धान्यातील खुळखुळ्याच्या (क्रोटॅलॅरिया) बियांमुळे झाला. ते कूळ वेगळे, विषाचा वर्ग मात्र तोच. दोन्हीकडे अन्नात पोचले ते बी. म्हणून संग्रहासाठी वाळवलेल्या नमुन्यात फुलोऱ्याबरोबर पिकलेली फळे आणि खोडाच्या मध्यभागाची पाने असावीत. नुसत्या फुलाच्या छायाचित्रावर नोंद पक्की करू नये.