कबुली देणारे जादूगार

पौष पौर्णिमेला नळदुर्गचा खंडोबा, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई, चैत्रातच तेरचे गोरोबाकाका आणि आश्विनात तुळजापूरची भवानी. धाराशिव जिल्ह्याचं जत्रांचं पंचांग भरगच्च आहे. अशा जत्रांत पाळणे, बांगड्या, रेवड्यांच्या बरोबरीने पूर्वी हमखास दिसायचा तो गारुडी. देवळाच्या आवारात कुणाच्या अंगात आलेलं असायचं, तर थोड्या अंतरावर डमरू वाजवत गारुडी रिकाम्या मुठीतून रुपया काढून दाखवायचा. दोघांभोवती कोंडाळं सारखंच. फरक इतकाच, की हा सगळा पोटासाठी केलेला खेळ आहे, हे गारुडी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकायचा.

जादूगारीचा इतिहास या कबुलीभोवतीच फिरत आला आहे.

गारुड्याची सामग्री एका पोतडीत मावणारी. दोन-तीन वाट्या, कापडाच्या गोळ्या, फडकं, वेताची टोपली आणि बोलतं ठेवायला एक पोरगं. टोपलीच्या खेळात पोराला आत बसवायचं, वरून तलवारी खुपसायच्या आणि शेवटी त्याला धडधाकट बाहेर काढायचं. टोपलीचं तोंड अरुंद आणि पोट रुंद असतं. पोरगं त्या पोटाला अंग चिकटवून वळसा घालतं आणि तलवारी ठरलेल्या जागीच शिरतात. आंब्याच्या झाडाचा खेळ याहून नाजूक. मातीत कोय पुरायची, फडकं पसरायचं, बडबड करायची. फडकं उचललं की कोंब, पुन्हा उचललं की रोप, नंतर पानांनी डवरलेली फांदी. वेगवेगळ्या उंचीच्या फांद्या पोतडीत आणि फडक्याच्या घड्यांत आधीच लपवलेल्या असतात. झाडं क्षणात उगवून दाखवणाऱ्या बंगाली खेळियांचं वर्णन बादशहा जहांगीराच्या आठवणींतही आहे.

हा खेळ विचारवंतांच्याही कामी आला. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणाऱ्या मायावी पुरुषाचा दाखला दिला आहे. वर चढताना दिसतो तो भास, खरा मायावी जमिनीवरच उभा आहे, असा त्यांचा मुद्दा. पैठणच्या एकनाथांनी तर भारुडासाठी गारुड्याचंच सोंग घेतलं. ज्या दोरीच्या खेळाने पुढे हिंदुस्थान जगभर गाजला, त्याची आधुनिक कीर्ती मात्र एका बातमीने पसरली. १८९० साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने ती छापली आणि काही महिन्यांनी, ही गोष्ट आपण रचलेली होती, असं स्वतःच छापून टाकलं. तोवर ती देशोदेशी पोचली होती. पहिली बातमी लोकांच्या लक्षात राहिली, कबुली राहिली नाही.

महाराष्ट्रात जादू जत्रेतून पुढे सरकली ती एका अनपेक्षित माणसाच्या हातून. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले होते. आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते प्रयोग करत. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस या रंगमंचीय जादूगाराने जादूच्या युक्त्या सिनेमात आणण्याचं जे काम केलं, तेच फाळक्यांनी इथे केलं. पैसे उभे करण्यासाठी त्यांनी आधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं चित्रण केलं. रोज थोडी थोडी चित्रं टिपून, दाण्यापासून वेलापर्यंतची वाढ त्यांनी पडद्यावर झरझर दाखवली. गारुड्याचं आंब्याचं झाडच ते, फक्त फडक्याच्या जागी कॅमेरा आला होता.

१९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, १९१७ चं ‘लंकादहन’ आणि १९१९ चं ‘कालियामर्दन’ यांत देव प्रकटले, हनुमान उडाला आणि लंका जळाली. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडू लागले. एखाद्याने याच जोरावर मठ थाटला असता. फाळक्यांनी उलट वाट धरली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढून त्यांनी आपलं कामच लोकांपुढे उघडं केलं. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना दिसतात.

स्वातंत्र्यानंतर जादू मराठी मध्यमवर्गाच्या नाट्यगृहात स्थिरावली, त्यात मोठा वाटा जादूगार रघुवीर यांचा. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात शिकलेल्या रघुवीर भोपळे यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे प्रवासवर्णन लिहिलं. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी हीच वाट पुढे चालवली. कुटुंबासह तिकीट काढून पाहावा असा हा खेळ झाला. तिकीट काढणाऱ्याला आपण काय विकत घेतो आहोत, हे पुरतं ठाऊक असतं. म्हणूनच रंगमंचावरच्या जादूगाराकडे कुणी आजार बरा करून मागत नाही.

कबुली न देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १८५६ साली फ्रेंच सरकारने रॉबेअर-ऊदँ या प्रख्यात जादूगाराला अल्जीरियात पाठवलं होतं. चमत्कारांच्या जोरावर लोकांवर पकड ठेवणाऱ्या तिथल्या साधूंचा प्रभाव कमी करणं, हा हेतू. लोखंडी तळ असलेली पेटी त्याने विद्युतचुंबकावर ठेवली आणि भल्याभल्या पहिलवानांना ती उचलता येईना. तिथे जादू साम्राज्याच्या कामाला जुंपली होती. महाराष्ट्रात तिला लोकांनीच चांगल्या कामाला लावलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत आणि चौकांत चमत्कारांचं सादरीकरण करू लागले. पाणी शिंपडताच पेटणाऱ्या नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा असतो. मंत्राने पेटणाऱ्या होमात पोटॅशियम परमँगनेट असतं आणि वरून ओतलेलं ‘तूप’ म्हणजे ग्लिसरीन. रक्त गाळणाऱ्या लिंबाचं रहस्य सुरीला लावलेल्या मिथिल ऑरेंजमध्ये. हवेतून काढलेली विभूती म्हणजे बोटांच्या बेचक्यात दडवलेली वाळकी गोळी.

नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि त्यांच्या प्रचारातून लोकांना फसवणं किंवा दहशत बसवणं, हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. विभूतीची तीच गोळी जादूगाराच्या हातात खेळ ठरते आणि बुवाच्या हातात गुन्हा.

तरी कायद्याच्या पुस्तकात एक विचित्र विसंगती उरली आहे. १९५९ च्या भीकप्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागी गाऊन, नाचून किंवा खेळ करून पैसे मागणंही भीक मागण्यातच मोजलं आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने गारुड्याचा साप गेला, आणि ते योग्यच झालं. पण वाट्या-गोळ्यांनी कुणाचं काय बिघडतं? फसवणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या राज्यात आपली हातचलाखी आधीच कबूल करणारा माणूस भिकारी ठरावा, हे न्यायाला धरून नाही. त्या व्याख्येतून रस्त्यावरच्या कलावंताला वगळायला हवं. येत्या जत्रेत एखादा गारुडी भेटलाच, तर पैसे टाकताना ती भीक समजू नका, खेळाचं तिकीट समजा.