शरभंगाचे ऊन पाणी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या स्थळी शिलालेख नाही, ताम्रपट नाही, ज्याची कोणा बखरकाराने वास्तपुस्त घेतलेली नाही, त्यास इतिहासच नाही असे आपण खुशाल समजून चालतो. रानावनातील उष्णोदकाच्या झऱ्यांची गणना आपण अशाच स्थळांत करितो. परंतु अशा झऱ्यांपाशी बहुधा दोन साधने असतात: एक त्यांचे नाव आणि दुसरी त्यांची आख्यायिका. ही दोन्ही नीट वाचली, तर त्यांतून काही इतिहास हाती लागतो, असे आम्हांस वाटते.

खानदेशात चोपडा तालुक्यात, अडावद गावाच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव नावाचे स्थान आहे. तेथे जाताना कापसाची व केळीची शेते मागे पडतात आणि साग, अंजन, सालई यांचे विरळ रान सुरू होते. डोंगराच्या कुशीत दगडी गोमुखातून ऊन पाण्याची धार अखंड कुंडात पडत असते. आम्ही गेलो तेव्हा हिवाळ्याची सकाळ होती व कुंडावर वाफ तरंगत होती. ज्वालामुखी नाही, सरपण नाही, आणि पाणी मात्र तापलेले! शरभंग ऋषी कुष्ठाने पीडित झाले होते. वनवासात असलेल्या श्रीरामाने बाण मारून भूमीतून हे पाणी काढिले आणि त्यात स्नान करून ऋषी निरोगी झाले, अशी तेथील आख्यायिका आहे.

आता येथून आग्नेयेस सुमारे २०० मैलांवर, नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यातील सागवानाच्या रानात उनकेश्वर म्हणून दुसरा झरा आहे. तेथेही शरभंग, तेथेही रामबाण. गुजराथेत वांसद्याजवळ उनाईचे कुंड आहे. त्याची कथाही हीच! खानदेश १८१८ सालापासून इंग्रजांकडे गेला, किनवट १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, उनाईची तर भाषाच गुजराथी. तथापि तिन्ही ठिकाणी ऋषी एक आणि व्याधीही एकच.

नावांचेही तसेच आहे. संस्कृत ‘उष्ण’ या शब्दाचे प्राकृतात ‘उण्ह’ झाले आणि त्याचेच मराठीत ‘ऊन’. उनपदेव, उनकेश्वर, उनाई, कोकणातील उन्हवरे आणि पालीजवळचे उन्हेरे, ही सारी नावे त्या एका शब्दाची लेकरे होत. देव व ईश्वर हे शब्द पुढून येऊन जोडले गेले. आरंभी लोकांनी पाहिले ते पाणी, आणि त्यास नाव दिले ते त्याच्या उष्णतेवरून.

मग हे तिन्ही झरे शरभंगाकडेच का गेले? वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात शरभंगाची कथा आहे, पण तीत कुष्ठही नाही आणि झराही नाही. रामाचे दर्शन होताच तो वृद्ध ऋषी अग्नीत प्रवेश करितो, त्याचा जीर्ण देह जळून जातो आणि तो अग्नीसारख्या तेजस्वी कुमाराच्या रूपाने वर निघतो. जुनी कातडी जाऊन नवी कांती यावी, हीच तर कुष्ठरोग्याची आस. लोकांनी अग्नीच्या जागी ऊन पाणी घातले आणि वार्धक्याच्या जागी आपली व्याधी, असा आमचा तर्क आहे.

यास निव्वळ भोळेपणा म्हणणे बरे नव्हे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ या शब्दात त्वचेचे अठरा विकार येतात. त्यांपैकी कित्येकांस ऊन व खनिजयुक्त पाण्याच्या नित्य स्नानाने आराम पडत असला पाहिजे. पावसाचे पाणी भूकवचातील भेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरास सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस या मानाने वाढणाऱ्या उष्णतेने तापते, खडकांतील क्षार घेते आणि वाट सापडेल तेथे वर येते. या झऱ्यांचे रहस्य एवढेच. महारोग मात्र या पाण्याने बरा होत नाही. त्याचा जंतू हान्सेनने १८७३ साली शोधून काढिला आणि १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या बहुविध औषधोपचाराने तो रोग खात्रीने बरा होऊ लागला. हे कुंडावर येणाऱ्यास स्पष्ट सांगितले पाहिजे. श्रद्धेच्या भरात औषध टाळणे म्हणजे रोगास आमंत्रण होय.

तरीही या आख्यायिकेचे ऋण उरतेच. इंग्रज सरकारने १८९८ साली महारोग्यांविषयी एक कायदा केला. निर्धन रोग्यास पकडून आश्रयगृहात डांबण्याचा अधिकार त्याने दिला. आणि जेथे तो लागू करून स्थानिक नियम केले जातील, तेथील सार्वजनिक विहिरीत वा तलावात त्याने स्नान करू नये, कपडे धुऊ नयेत, पाणी भरू नये, असेही ठरविले. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले! तिकडे रानातील निरक्षर लोकांनी रोग दिला तो ऋषीस, त्याच्या दारी आणिले ते प्रत्यक्ष रामास, आणि ज्यास गावच्या पाणवठ्यावर थारा नव्हता त्याच्या नावाने एक कुंडच राखून ठेविले. रोग्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत. त्यांपैकी एकीची साक्ष सरकारी दप्तरात आहे आणि दुसरीची केवळ या झऱ्यांपाशी. म्हणून या कुंडांची डागडुजी करिताना, फरश्या बसविताना आणि प्रवाशांच्या सोयी वाढविताना तेथील वृद्धांच्या तोंडची कथा शब्दशः टिपून ठेवण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे. पाणी वाहतच राहील. सांगणारे मात्र आताच थोडे उरले आहेत.