रील म्हणजे नेमकं काय? अमेरिकेची शिंक, मुंबईची कुस्ती आणि तुमच्या फोनची गॅलरी

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात संध्याकाळी चक्कर मारा, कुणी ना कुणी मोबाईल समोर धरून रील काढताना दिसणारच. पण 'रील' हा शब्द इन्स्टाग्रामने शोधलेला नाही. तो सिनेमाच्या जन्मापासून चालत आलाय. तो कुठून आला आणि त्यातून आपण काय शिकायचं, ते बघूया.

रील म्हणजे काय?

आईच्या शिलाई मशीनवर दोऱ्याचं रीळ असतं ना, तेच. सिनेमाची लांब पट्टी अशाच चकतीवर गुंडाळायचे. पट्टीवर एकामागे एक फोटो असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. ते भराभर सरकले की डोळ्यांना चित्र हलल्यासारखं वाटतं. सुरुवातीच्या पट्ट्या साधारण ५० फुटांच्या होत्या. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकूण ८०० फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने चालवल्या की ५० सेकंद होतात. म्हणजे जगातले सुरुवातीचे सिनेमे आजच्या रीलएवढेच होते!

अमेरिकेत काय चाललं होतं?

१८९४ च्या जानेवारीत एडिसनच्या स्टुडिओत फ्रेड ऑट नावाच्या कामगाराची शिंक चित्रित झाली. पूर्ण फिल्म जेमतेम पाच सेकंदांची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'किनेटोस्कोप'चं दुकान उघडलं. लाकडी पेटीच्या भोकाला डोळा लावायचा आणि आतलं हलतं चित्र बघायचं, एका वेळी एकच माणूस. थोडक्यात, आपण मान खाली घालून एकट्याने फोन बघतो तसंच.

१८९६ पासून तिथे चित्र मोठ्या पडद्यावर आलं. १९०५ मध्ये पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात 'निकेलोडियन' सुरू झालं. पाच सेंटच्या नाण्याला तिकडे निकेल म्हणतात, आणि तिकीट तेवढंच होतं. काही वर्षांतच अशी हजारो छोटी थिएटरं देशभर झाली. युरोपातून कामासाठी आलेले मजूर, बायका, मुलं असे सगळे तिथे जायचे. नाटकाचं तिकीट परवडायचं नाही, इंग्रजी नीट यायची नाही, पण मूकपटाला भाषा लागतच नव्हती. आज चाकण-भोसरीच्या कंपन्यांत देशभरातून पोरं येतात आणि शिफ्ट संपली की फोनवर व्हिडिओ बघतात. तिथलं चित्रही काहीसं असंच होतं.

आणि आपल्याकडे?

मुंबई फार मागे नव्हती. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या फिल्म ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. तिकीट होतं एक रुपया, तेव्हाच्या हिशोबाने बरंच महाग.

हे नवल बघून मुंबईतले फोटोग्राफर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी थेट लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनला दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. पट्टी धुवायला पुन्हा लंडनला पाठवावी लागली! १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांचं मुंबईतलं स्वागतही सावे दादांनी टिपलं. ही आपल्याकडची पहिली बातमीची फिल्म मानली जाते. पुढे दादासाहेब फाळक्यांनी रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. फोनमध्ये ज्याला आपण टाईम-लॅप्स म्हणतो, तेच हे. मग ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

मग त्या फिल्म आज कुठे आहेत?

फ्रेड ऑटची शिंक तुम्ही आत्ता, या क्षणी फोनवर बघू शकता. सावे दादांची कुस्ती मात्र कुणालाच बघता येत नाही. ती उरलेली नाही.

असं का झालं? तेव्हाची पट्टी नायट्रेटची असायची. ती पटकन पेट घ्यायची आणि दमट हवेत सडायची. कित्येक पट्ट्या तर नंतर चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. अमेरिकेत सुरुवातीला कायद्यात सिनेमाची वेगळी नोंद नव्हती. त्यामुळे हक्क नोंदवायला निर्माते प्रत्येक फ्रेम कागदावर छापून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायचे. मूळ पट्ट्या नष्ट झाल्या, पण कागद टिकला आणि त्यावरून तीन हजारांवर फिल्म पुन्हा उभ्या राहिल्या. शिंकही अशीच वाचली. म्हणजे बॅकअप घ्यायचा म्हणून कुणी घेतला नव्हता, तो आपोआप झाला!

तरीही तिकडचे सुमारे ७० टक्के मोठे मूकपट गेलेच. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले जेमतेम तीसेक शिल्लक आहेत. उरलेलं जपायला पुण्यात लॉ कॉलेज रोडला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पण तोपर्यंत बरंच काही हातातून गेलं होतं.

तुमच्या फोनचं काय?

आजीचा आवाज, वारीचा व्हिडिओ, मित्राचं लग्न हे सगळं जर एकाच फोनमध्ये असेल, तर तुमची अवस्था सावे दादांसारखीच आहे. म्हणून एवढं करा:

- तीन प्रती ठेवा. एक फोनमध्ये, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. एक तरी प्रत घराबाहेर हवी.
- व्हॉट्सॲपवर विसंबू नका. तिथे व्हिडिओ लहान होऊन जातो, क्वालिटी उतरते. मूळ फाईल पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- ॲपमधली रील म्हणजे बॅकअप नव्हे. अकाउंट गेलं की तीही गेली. मूळ क्लिप गॅलरीत ठेवा.
- नाव आणि तारीख लिहा. व्हिडिओत कोण आहे आणि कुठे आहे, हे वीस वर्षांनी आठवणार नाही.

आज रात्री फोन चार्जिंगला लावाल, तेव्हा आजीचा व्हिडिओ आधी कॉपी करा.